आवाज नसलेल्या सिनेमासाठी दोन स्पीकर

मूकपट बघायचा असेल तर कुठला बघावा, हे विचारायला हल्ली लोक माझ्याकडे येतात. लोक म्हणजे फार नाहीत. एक शेजारचा काळूराम, आणि एकदा मुरुडच्या एसटीची वाट बघणारे एक गृहस्थ, ज्यांना खरं तर गाडी कधी येते ते विचारायचं होतं. पण त्यांनाही मी सल्ला दिला. या विषयातला माझा अनुभव दांडगा आहे. मी एक मूकपट अर्धा पाहिला आहे.

हे सगळं आमच्या धोंडूबाईमुळे झालं. धोंडूबाई माझी बायको. तिचे कान गेले. एकदम नाही गेले. आधी पाखरं गेली, मग कुकरची शिटी गेली, मग मी गेलो. माझं जाणं तिने मनाला लावून घेतलं नाही. पण त्यानंतर तिला तिचाच आवाज येईनासा झाला, ते मात्र तिला सोसलं नाही. आमच्या महिला मंडळात भीमजयंतीला गाणं उचलायची ती हीच. ती पहिली ओळ म्हणायची, मग बाकीच्या बायका मागून घ्यायच्या. मागच्या जयंतीला तिने ओळ उचलली आणि मागून कुणी घेईना. गाणं भलतीकडेच गेलं होतं. ते तिला ऐकू आलं नाही, बायकांच्या तोंडांवर दिसलं. ती तशीच खाली बसली. त्या दिवसापासून गाणं बंद झालं, आणि गाण्यामागोमाग हळूहळू बोलणंही. बहिरं माणूस मोठ्याने बोलतं म्हणतात. आमच्या घरी उलटं झालं.

अलिबागच्या डॉक्टरांनी कानाची नस सुकली असं सांगितलं आणि एक यंत्र दिलं. ते लावून दिल्यावर मी हाताने खूण करून विचारलं, काय येतंय ऐकू? ती म्हणाली, "वारा." समुद्रकाठच्या नागावात राहणाऱ्या माणसाला वारा ऐकायला यंत्र कशाला लागतं? ते सुपारीच्या डब्यात गेलं. अजून आहे.

घरात एक माणूस बहिरं झालं की दुसऱ्याची अब्रू जाते, हे मला तेव्हा कळलं. मला प्रत्येक गोष्ट ओरडून सांगावी लागायची. मी "पोट बिघडलंय, भात मऊ कर" म्हणायचो आणि धोंडूबाई शांतपणे भाकरी थापायची, पण काळूराम मधल्या वईच्या कुंपणावरून ओव्याची पूड घेऊन यायचा, आणि दुसऱ्या दिवशी नाक्यावर भेटेल तो विचारायचा, "बाबा, साफ झालं का?" आयुष्यभर रस्त्याच्या गँगमध्ये डांबर ओतलं, कुणापुढे मान खाली घातली नाही, ती या वयात पोटापायी घालावी लागली.

काळूरामचा होमस्टे आमच्या वईला लागून आहे. शनिवारी तिथे मुंबईची मंडळी येतात आणि नारळाच्या झावळ्या थरथरतील एवढ्या मोठ्याने गाणी लावतात. त्या रात्री आमच्या सगळ्या आळीत एकच माणूस गाढ झोपतं. मी तिच्याकडे बघत पडून राहतो. हेवा वाटतो असं म्हणवत नाही.

मला फार काही नको होतं. ती एकदा हसावी, एवढंच. धोंडूबाईच्या हसण्याला आवाज कधीच नव्हता. पदराचं टोक तोंडावर जायचं आणि खांदे हलायचे. म्हणजे कान गेले तरी हसायला तशी काही अडचण नव्हती. तरी ते बंद पडलं होतं.

आमची नात प्राप्ती पनवेलला नोकरी करते. ती फोनवर म्हणाली, "आजोबा, आजीला मूकपट दाखवा ना. शंभर वर्षांपूर्वीचे. त्यात कुणी बोलतच नाही."

"मग करतात काय?"

"पडतात, धावतात, रडतात. न ऐकता सगळं कळतं."

तिने एक पाठवला. मी फोन तांब्याला टेकवून उभा केला आणि आम्ही दोघं चटईवर बसलो. पडद्यावर एक काळापांढरा पोरगा फाटक्या कोटात थंडीने कुडकुडत होता. धोंडूबाई बघत होती. इतक्यात मधेच एक रंगीत बाई आली, लांबसडक केस मोकळे सोडून तेल लावत बसली, आमच्याकडे बघून गोड हसली आणि गेली. ती जाहिरात होती. पुन्हा तो पोरगा कुडकुडला, पुन्हा ती बाई तेल लावून गेली. असं तीनचार वेळा झाल्यावर धोंडूबाई म्हणाली, "पोरगा उपाशी हाय. न् बायकोला तेल लावण्यातून सवड न्हाय."

कित्येक दिवसांनी ती अख्खं वाक्य बोलली होती, आणि तेही दुसऱ्याच्या संसाराला नावं ठेवणारं. म्हणजे आतून माणूस शाबूत होतं. मी ठरवलं, हिला मोठ्या पडद्यावर चांगला मूकपट दाखवायचा. कुठला, ते गावाला विचारू.

गावाला कधी काही विचारू नये.

काळूराम म्हणाला, "त्यात काय विचारतोस बुधाजी? कनचाबी पिक्चर लाव न् आवाज बंद कर. झाला मूकपट!" मला हे पटलं. त्यानेच दिलेला एक मारामारीचा सिनेमा आम्ही आवाज बंद करून लावला. त्यातला नायक कुणाला मारण्याआधी फार वेळ बोलायचा. माणसं ओळीने उभी राहून मार खायची वाट बघत होती आणि हा नुसता तोंड हलवत होता. धोंडूबाई उठली आणि तांदूळ निवडायला बसली. बोलणारी माणसं तिला घरीही बघायला मिळत होती.

बाळाजी गुरुजी निवृत्त शिक्षक. त्यांना जुन्या मूकपटांची नावं धडाधडा पाठ. एकेक सांगताना त्यांचे डोळे भरून यायचे. "बुधाजी, हा बघाच. काय तो पूर, काय ती नदी!"

"कुठे मिळेल गुरुजी?"

"मिळणार नाही. जळाला. रीळच राहिलं नाही."

"मग दुसरा?"

"तोही जळाला."

गुरुजींनी जे जे सुचवलं ते ते जळालेलं होतं. स्वतः गुरुजींनीही त्यातलं काही पाहिलेलं नव्हतं. तरी जाताना त्यांनी मला बजावलं की असल्या उत्तम कलाकृती सोडून हलकंसलकं काही बघू नका.

खरा उपयोगी सल्ला दिला मनुबाईने. ती आमच्या समोर राहते. "भावजी, माझ्या पोरीच्या लग्नाची शूटिंग न्या. त्यात आवाज आलाच न्हाय. मेल्याने पैशे पुरे घेतले."

ती आम्ही बघितली. नवरानवरी होती, वरात होती, जेवणाची पंगत होती. कॅमेरावाल्याला पंगतीची आवड असावी, तो एकेका माणसाच्या तोंडाशी जाऊन थांबला होता. धोंडूबाई पुढे सरकली आणि बोटाने दाखवू लागली. ही गेली. हा गेला. ही गेली. ही पुण्याला असते. हा गेला. अर्धी पंगत आता नव्हती, आणि तिथे बसून मजेत जिलबी खात होती. शेवटी तिने बोट मांडीवर ठेवलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं. हसवण्याच्या दृष्टीने हा चित्रपट मी कुणाला सुचवणार नाही.

मग मी मोठ्या पडद्याचं मनावर घेतलं. क्रिकेटची मॅच भिंतीवर दाखवायचं यंत्र काळूरामकडे आहे. ते तो द्यायला तयार होता, पण त्याची भिंत शनिवार-रविवारी पाहुण्यांसाठी राखलेली. म्हणून मी आमच्या समाजमंदिराचा हॉल मागितला. मी आणि बायको भिंतीसमोर बसून एक सिनेमा बघणार, एवढंच माझ्या डोक्यात होतं.

पण हॉल समाजाचा. समाजाच्या हॉलमध्ये दोनच माणसांनी काही बघायचं, तर ते काय बघतात असा प्रश्न येतो. आमचे सेक्रेटरी अजित अलिबागला सरकारी कचेरीत आहेत. त्यांनी बैठक बोलावली आणि ठराव केला की कार्यक्रम सर्वांसाठी असावा. सर्वांसाठी म्हटल्यावर पाहुणे आले. पाहुणे म्हटल्यावर सत्कार आला. सत्कार म्हटल्यावर फ्लेक्स आला. आणि कार्यक्रम समाजमंदिरात म्हटल्यावर चित्रपट प्रबोधनाचा पाहिजे, बुद्धाच्या पंचशीलाला धरून पाहिजे, असं अजितरावांनी मांडलं. त्याला कोण नाही म्हणणार? फोन मधे ठेवला, त्यातून पनवेलची प्राप्ती एकेका मूकपटाची गोष्ट सांगू लागली आणि कमिटी एकेक शील लावून बघू लागली.

पहिल्यात नायक पाव चोरतो. चोरी आली, बाद. दुसऱ्यात एक श्रीमंत माणूस दारू प्याल्यावरच प्रेमळ होतो, बाद. तिसऱ्यात नायक दुसऱ्याच्या बायकोच्या खिडकीखाली उभा राहतो.

"नुसता उभा राहतो का?" अजितरावांनी विचारलं.

"नाही, मग शिडी लावतो," प्राप्ती म्हणाली.

बाद. चौथ्यात कोळ्याच्या पोराची गोष्ट होती आणि सबंध सिनेमाभर मासेमारी. इथे कमिटीत जरा चुळबुळ झाली, कारण बैठक संपल्यावर सगळ्यांना घरी बांगड्याचं कालवण होतं. "मासे सोडून द्या," अजितराव म्हणाले. पण त्या कोळ्याच्या पोराने शेवटी सावकाराला पाण्यात ढकललं, तेव्हा तोही सोडून द्यावा लागला. पंचशील लावत गेलं तर जगात बघण्यासारखा मूकपट उरतच नाही, असं माझ्या ध्यानात आलं. एक खोटं न बोलण्याचं शील तेवढं कुठेच मोडत नव्हतं. खोटं बोलायची त्या लोकांना सोयच नव्हती.

शेवटी एक निघाला. एका गरीब माणसाला लग्नाला जायचं आहे, स्वतःच्याच. सासऱ्याला भेट म्हणून तो एक बकरी घेऊन निघतो. बकरी वाटेत सगळं खाते. चोरी नाही, दारू नाही, शिडी नाही.

"बकरीला शेवटी कापतात का?" अजितरावांनी विचारलं.

"नाही हो काका!"

पास. मला तर हा फार आवडला. माहेरी धोंडूबाई बकऱ्यांमागे वाढली आणि आमच्याकडेही पुष्कळ वर्षं बकरी होती. हसली तर ती इथेच हसेल, असं मला वाटलं.

आता परवानगी. चौकीवर गेलो. हवालदार सभ्य होते, बसायला खुर्ची दिली.

"कार्यक्रम कसला?"

"सिनेमा."

"स्पीकर किती?"

"एकही नाही."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "बाबा, कार्यक्रम आहे म्हणता, आणि स्पीकर नाही म्हणता. दोन्हीतलं एक काय ते ठरवा."

"मूकपट आहे साहेब. त्यात कुणी बोलत नाही."

"मग लोक येणार कशाला?"

मी म्हटलं, "स्पीकरच्या जागी निरंक लिहा."

"निरंक लिहिलं की वरून विचारतात, काय लपवताय म्हणून. दोन लिहितो. दोन स्पीकर म्हटलं की कसं, माणूस सरळ वाटतो."

त्यांनी दोन लिहिले. मी सरळ माणूस होऊन घरी आलो, तो अंगणात रितेश बसलेला. रितेश हा मनुबाईचा मोठा मुलगा. हळदीला, वरातीला त्याचे स्पीकरचे बॉक्स जातात. परवानगीची बातमी माझ्याआधी त्याच्यापर्यंत आली होती.

"काका, दोन बॉक्स मंजूर झालेत, तर लावायला लागतील."

"अरे, मूकपट आहे तो!"

"असू दे ना. पण मंजूर झालेलं वापरलं न्हाय तर पुढच्या टायमाला मलाच दोनाचा एक करतील. मी फुकट लावतो. पैशाचं बोलूच नका."

"पण आवाजच नाही, तर बॉक्समधून वाजणार काय?"

"त्ये माझ्यावर सोडा," रितेश म्हणाला. माझ्या आयुष्यातल्या बऱ्याच संकटांची सुरुवात या वाक्याने झाली आहे.

फ्लेक्स लागला. त्यावर "मूकपट महोत्सव" आणि खाली "प्रमुख मार्गदर्शक" म्हणून माझा फोटो. फोटो मतदानाच्या कार्डावरचा, आणि त्यात नेमके माझे डोळे मिटलेले. वर निळं आभाळ, बाजूला कमळं, मधे डोळे मिटलेला मी. दुसऱ्याच दिवशी किहीमच्या मावसभावाचा फोन आला. धोंडूबाईचं सांत्वन करायला त्याने केला होता. तो मी उचलला.

"कोण बोलतंय?" त्याने विचारलं.

"बुधाजी."

त्याने नाव पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाला, "बरं, बरं," आणि फोन ठेवला. त्याचा जरा हिरमोड झाल्यासारखं वाटलं. त्याने एसटीचीही चौकशी करून ठेवली असणार.

कार्यक्रमाच्या संध्याकाळी धोंडूबाई पांढरं लुगडं नेसली. मी तिला खुणेने सांगितलं होतं: मोठी भिंत, मोठा सिनेमा. तिने पदर नीट केला आणि एकच विचारलं, "तेलवाली हाय का त्याच्यात?" मी नाही म्हणून मान हलवली. तिला बरं वाटलं की वाईट, कळलं नाही.

पहिल्या रांगेत दोन खुर्च्या मी दुपारीच रुमाल टाकून धरल्या होत्या. धोंडूबाई बसली, मी शेजारी बसणार, तेवढ्यात अजितराव आले. "बाबा, तुम्ही मंचावर. मार्गदर्शक खाली बसले तर बरं दिसत नाही."

"मला हिच्याजवळ बसू द्या."

"पाच मिनिटांचा प्रश्न आहे."

मी गेलो. इथे जरा खरं सांगतो, मला जावंसं वाटलं. कुणी मंचावर बोलावलं की पाय आपोआप उचलतात. अक्षरं मी उतारवयात याच हॉलमध्ये शिकलो, याच फरशीवर बसून. त्या फरशीवरून मंच फार उंच दिसायचा.

मेणबत्त्या लावल्या, वंदना झाली. धोंडूबाई हात जोडून उभी होती, तिचे ओठ हलत होते. त्यातून आवाज येत होता की नाही, ते रितेशच्या बॉक्सपुढे मला कळलं नाही. मग सत्कार, मग भाषणं. प्रत्येक वक्ता मौनाचं महत्त्व सांगायला उभा राहिला आणि कुणालाही खाली बसता येईना. एकाने सांगितलं की मूकपटात जे सांगितलं जातं ते शब्दात सांगता येत नाही, आणि मग ते शब्दात सांगितलं. मला शाल मिळाली. ती मला गुडघ्यांपर्यंत आली. समोर धोंडूबाई हलणारी तोंडं बघत बसली होती, काळूरामच्या सिनेमात बघितली होती तशीच. इथे मात्र तांदूळ नव्हते.

अखेर दिवे मालवले आणि भिंतीवर बकरी आली.

चांगली मोठी बकरी होती, पार छतापर्यंत. पण माणसांनी भरलेला हॉल आणि आवाज नाही, हे आमच्या लोकांना जमेना. काही बिघाड झालाय असं वाटून दोघंतिघं ओरडले, "आवाज! आवाज!" मधेमधे इंग्रजी पाट्या येत होत्या. बाळाजी गुरुजींनी माइक घेतला आणि त्यांचं मराठी करायला लागले. पाटीवर दोन शब्द असायचे. गुरुजींचं मराठी संपेपर्यंत बकरीने तिकीट, टोपी आणि फुलांचा गुच्छ खाल्लेला असायचा. मागे पोरं बकरीचा आवाज काढू लागली. मनुबाई नवरीच्या झग्याबद्दल मोठ्याने बोलत होती. आणि या सगळ्यावर रितेशने, कार्यक्रम फिका पडू नये म्हणून, हळदीची गाणी सोडली.

शांतपणे सिनेमा बघणारं हॉलमध्ये एकच माणूस होतं. मी मंचाच्या कडेला होतो, तिथून मला भिंत तिरपी दिसत होती. तिचं तोंड मात्र समोर. मी तेच बघत बसलो. ती पुढे वाकली होती. बकरी आगगाडीत चढली तेव्हा तिचे ओठ हलले. ते मला ऐकू आलं नाही, पण शेजारी बसलेल्या मनुबाईने मागाहून सांगितलं. ती म्हणाली होती, "गाभण हाय ती."

मग लग्नाचं चर्च आलं. नवरी आली, तिची लांबलचक ओढणी जमिनीवर घासत आली. बकरी ओढणीच्या टोकाशी जाऊन उभी राहिली. माणसाला ते दिसत नाही. सासऱ्याला दिसत नाही. बकरीने मान खाली घातली. आणि मी पाहिलं, धोंडूबाईचा हात पदराच्या टोकाशी गेला. टोक वर आलं. हनुवटीपर्यंत आलं.

ही मजा रितेशलाही दिसली असावी. त्याने आवाज एकदम पूर्ण वाढवला. भिंतीतल्या बोर्डात चर्र झालं, जळका वास आला, आणि भिंत, बकरी, नवरी, बॉक्स, दिवे, पंखे, सगळं गेलं.

काळोख झाला. बॉक्स मेल्यामुळे आणि सगळेच दचकल्यामुळे, संध्याकाळपासून पहिल्यांदा हॉल अगदी गप्प झाला. त्या गप्पपणात एक आवाज आला.

"अहो? हायत का?"

तो आवाज मी बरेच महिने ऐकला नव्हता. पूर्वी गाणं उचलायची तेवढा मोठा.

"हाय, हाय!" मी मंचावरून ओरडलो. हॉलमधल्या प्रत्येकाला ते ऐकू गेलं. एक तिलाच गेलं नाही.

"अहो, हायत का?"

आपल्याला काळोख झाला तर निम्मं जग जातं. तिचं सगळं गेलं होतं. हे मला तोवर सुचलंच नव्हतं. मी उठलो, शालीत पाय अडकून पडलो, पुन्हा उठलो, प्लास्टिकच्या खुर्च्या ढकलत निघालो. वाटेत कुणाच्या तरी पायावर पाय दिला; तो बंदोबस्ताला आलेल्या हवालदार साहेबांचा होता. कुणी हसलं नाही. एरवी आमच्या गावात माणूस पडला तर दोन दिवस हसायला पुरतं.

"अहो?"

मला तिचा हात सापडला. तिने झटक्यात तो ओढून घेतला, कारण तो कुणाचाही असू शकला असता. मी पुन्हा धरला. मग तिने माझा अंगठा चाचपला. डांबराच्या पिंपाखाली सापडून त्याचं नख कधीच गेलं आहे. तिथे तिचं बोट थांबलं आणि ती गप्प झाली. मोबाइलच्या बॅटऱ्या लागल्या तेव्हा आम्ही दोघं तसेच उभे होतो, मी शालीत गुंडाळलेला. कुणीतरी फोटोही काढला. त्यातही माझे डोळे मिटलेले आहेत.

सिनेमा पुन्हा झाला नाही. हॉलची वायरिंग जळली होती. जबाबदारी कुणाची हे ठरवायला अजितरावांनी उपसमिती नेमली, ती अजून ठरवते आहे. आवाज नसलेल्या सिनेमाने हॉल कसा जाळला, हे आजूबाजूच्या गावांत माझ्या नावासकट सांगतात. बाळाजी गुरुजी तेवढे समाधानी दिसले. त्यांच्या मते हाही मूकपट आता इतर उत्तम मूकपटांच्या रांगेत गेला.

धोंडूबाई पुन्हा गप्प झाली, आधीपेक्षा जास्त. ती तिन्हीसांज व्हायच्या आत दिवे लावायला लागली. मी नुसता न्हाणीत गेलो तरी दाराशी येऊन बघून जायची. मी हसवायला निघालो होतो आणि घाबरवून बसलो होतो. काळूराम म्हणाला, "जाऊ दे बुधाजी, तू तुझ्याकडून केलंस." असं माणसाला कधी सांगतात ते मला ठाऊक आहे.

मग एका संध्याकाळी मी अंगणात सुपारी सोलत बसलो होतो. ती समोर पायरीवर होती. एकाएकी म्हणाली, "बकरीचं काय झालं?"

मी फोन आणला, तर तिने हात झटकला. तेवढ्याशा तुकड्यात तिला आता बघायचं नव्हतं. मी प्राप्तीला विचारलं.

"नवरी गाडीत बसून निघून जाते आजोबा. माणूस आणि बकरी स्टेशनवर राहतात. बकरी त्याच्याजवळ येऊन बसते. संपलं."

"एवढंच? लग्न होत नाही?"

"नाही. फार गाजलेला आहे तो."

आता हे तिला सांगायचं कसं? ओरडून सांगितलं तर काळूरामला कळेल, तिला नाही. मी आजूबाजूला पाहिलं. वईपलीकडे कुणी नव्हतं. मी सुपारी बाजूला ठेवली आणि उठलो.

आधी मी नवरी झालो. सत्काराची शाल खांद्यावर होती, ती डोक्यावरून घेतली, मागे लोळत सोडली आणि तोऱ्यात विहिरीपर्यंत चालत गेलो. मग माणूस झालो आणि विहिरीकडे बघत हात हलवला. मग बकरी व्हायचं होतं. त्याला इलाज नव्हता. मी गुडघ्यांवर बसलो, हात टेकले आणि चार पायांवर चालत शाल तोंडात धरली.

वईपलीकडून काळूराम खिंकाळला. तो केव्हापासून उभा होता कोण जाणे. त्याच्यामागे त्याचे पाहुणे होते. समोरून मनुबाई आली, रितेश आला. सगळी आळी हसत होती. ज्या एका माणसासाठी मी अंगणात बकरी झालो होतो, ते पायरीवर हाताची घडी घालून बसलं होतं आणि कपाळाला आठी घालून माझ्याकडे बघत होतं.

"बकरी अशी चालत न्हाय," धोंडूबाई म्हणाली. "मागचे पाय जवळ घ्या."

मी मागचे पाय जवळ घेतले. माझे गुडघे वाजले. तो आवाज मला एकट्यालाच आला.

"आन् तेलवाली?"

मी मान हलवली. तेलवाली नाही.

"तेलवाली पायजे," ती म्हणाली.

मी शाल खाली ठेवली, मांडी घातली, तळहातावर नसलेलं तेल ओतलं, आणि अंगणात जमलेल्या सगळ्या माणसांसमोर, ज्यावर गेली कित्येक वर्षं एक केस उगवलेला नाही त्या माझ्या डोक्याला वरपासून कमरेपर्यंत तेल लावायला सुरुवात केली. तेलवाली गोड हसायची, म्हणून मीही हसलो.

धोंडूबाईच्या तोंडाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. ते सुपारीचं खांडही असेल. पदर जागच्या जागी होता. हात मात्र त्याच्या टोकाशी गेला होता.

"परत करा," ती म्हणाली. "पयल्यापासून."

उजेड अजून थोडा होता. मी शाल उचलली आणि विहिरीकडे निघालो.